दत्तारामाच्या फटफटीचं कॅरिअर

"फटफटी मालवणात, आणि फटफटीवालो हंय ओटीवर बसान पेज जेवता," शेवंती नारळ खवता खवता विळीला सांगत होती. विळी काही बोलेना, म्हणून तिनं आवाज जरा चढवला. "मिया आचऱ्याक निरोप धाडून बसलंय, जत्रेक आमी फटफटीवरसून येतलंव म्हणान. आता काय, फटफटीचो फोटो घेवन जाव?"

मधली भिंत कुडाची. तिच्यातून नारळाचा वाससुद्धा यायचा, तिथं शब्द कुठे अडणार. ओटीवर दत्तारामानं तोंडातली आंब्याची फोड चावायची थांबवली. चावण्याचा आवाज तिकडे गेला असता, तर आपल्याला सगळं ऐकू येतं हे तिला कळलं असतं आणि मग उत्तर द्यावं लागलं असतं. उत्तर त्याच्याकडे नव्हतं. म्हणजे होतं एक, चार शब्दांचं, पण ते गेली कित्येक वर्षं त्याच्या घशात बसलं होतं, माशाच्या काट्यासारखं. गिळता येत नव्हतं, थुंकता येत नव्हतं.

दत्तारामाला फटफटी चालवता येत नव्हती.

मुंबईला तो एका मोटार गॅरेजात कारकून होता. गाड्या दुरुस्त व्हायच्या बाहेर, अंगणात, आणि दत्ताराम आत टेबलापाशी बसून बिलं लिहायचा. उभ्या नोकरीत त्याच्या हाताला ग्रीस लागलं नाही, लागली ती शाई. पण बिलं लिहून लिहून फटफटीच्या एकूण एक भागाचं नाव त्याला पाठ झालं होतं. मॅग्नेटो, क्लच, कार्बोरेटर. हे शब्द तो अशा सफाईनं उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सकाळ-संध्याकाळ कार्बोरेटरच खातो.

एका दसऱ्याला गॅरेजातल्या गाड्यांना हार घातले, फोटोवाला आला आणि कुणीतरी गमतीनं दत्तारामाला एका फटफटीवर बसवलं. गाडी डगमगायला लागली तेव्हा एका मिस्त्रीनं बाजूनं हँडल धरलं. मिस्त्री फोटोत आला नाही, त्याची बोटं तेवढी आली. कडेला, हँडलवर, चार काळी बोटं. तो फोटो दत्तारामानं घरी पाठवला. सोबत चिठ्ठीत फक्त "फोटो पाठवला आहे" एवढंच लिहिलं होतं. फटफटी माझी आहे, असं त्यानं उभ्या जन्मात कधी म्हटलं नाही. ते सगळं फोटोनं म्हटलं. शेवंतीनं फोटोला चौकट केली, विहिरीवर चार जणींना सांगितलं, आणि महिन्याभरात दत्ताराम रोज फटफटीवरून हापिसात जाऊ लागला, स्वतः दत्तारामाला पत्ता नसताना.

पुढच्या मे महिन्यात सुटीवर आला तेव्हा खरं सांगून टाकायचं असं तो ठरवूनच आला होता. पण पारावर पहिल्याच माणसानं विचारलं, "कितको फाष्ट जाता?" आणि याच्या तोंडून मॅग्नेटो बाहेर पडला. संपलं.

बरं, असा फोटो काही त्याच्याच घरी होता असं नाही. लवू लोहाराच्या भावाचा फोटो होता, कानाला टेलिफोन लावलेला. तो ज्या कचेरीत होता तिथं तो टेलिफोनवरची धूळ पुसायचा. बाळा सुताराचा मेव्हणा कप्तानाची टोपी घालून भिंतीवर बसला होता, आणि बोटीवर तो भात रांधायचा. वाडीत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक होतं. पण एका भिंतीवरचा फोटो हलवला तर सगळ्या वाडीच्या भिंती उघड्या पडतील, म्हणून कुणी कुणाच्या चौकटीला हात लावत नसे.

ते सगळं तसंच सुखानं चाललं असतं. पण गॅरेज बंद झालं आणि शेटनं निरोप देताना प्रत्येकाला काहीतरी दिलं. दुसऱ्यांना कपाटं, पंखे, खुर्च्या मिळाल्या. दत्तारामाच्या वाट्याला आली लढाईच्या वेळची एक फटफटी. हत्तीच्या रंगाची, हत्तीच्याच वजनाची. "तुला फार आवड ना," शेट म्हणाला. शेटच्या टेबलावरही त्याच फोटोची एक प्रत होती.

बोटीनं ती मालवणला आली. बंदरात बोटीतून होडीत आणि होडीतून रेतीवर तिला उतरवताना आठ माणसं लागली. दत्तारामानं ती एका ओळखीच्या दुकानदाराच्या वखारीत उभी केली, "येतंय रे न्हेवक" असं सांगितलं आणि ट्रंक घेऊन यष्टीनं घरी आला. त्याला आता पंधरवडा होत आला होता.

या पंधरवड्यात त्यानं वाडीला बरंच काही सांगितलं. बोटीतून आलेल्या इंजिनाला खारी हवा बाधते, त्याला विसावा द्यावा लागतो, लगेच किक मारली तर मॅग्नेटो बसतो. लोकांनी ते इतक्या गंभीरपणे ऐकून घेतलं की त्याला स्वतःलाच ते पटत चाललं. देवळातला गंगाराम गुरव तर म्हणाला, "व्हयतर. बोट माणसाक बाधता, ती तर बापडी मशीन."

एवढ्यात एके दिवशी भाई आपली जीप घेऊन दत्तारामाच्या घरापुढच्या खळ्यात आला. भाई नारळाचा व्यापारी. जीप त्यानं लष्कराच्या लिलावात घेतली होती. तिला मागं एक जाडजूड लोखंडी आकडा होता, तोफ ओढायचा. लढाईत भाई स्वतः पलटणीत होता आणि छावण्या-छावण्यांतून टपाल पोचवायचा, तेही फटफटीवरून. म्हणजे वाडीत फटफटी चालवता येणारा एक माणूस होता, आणि त्यानं मनात आणलं असतं तर सकाळी मालवणला जाऊन दुपारच्या जेवणाला ती खळ्यात आणून उभी केली असती. पण "मिया हाडतंय" असं म्हणणं म्हणजे "तुका येणा नाय" असं म्हणणं. भाई भला माणूस. त्यानं फक्त विचारलं, "मगे दत्ताराम, कधी हाडतस?"

दत्तारामाची नजर त्या आकड्यावर गेली. बुडत्याला जे दिसायचं ते त्याला दिसलं.

"फटफटी लांब चालवत न्हेणा बरा न्हय," तो म्हणाला. "मुंबयत मोठे सायब लोक काय करतत, जीपीच्या पाठसून आकड्याक एक कॅरिअर लावतत. त्येच्यावर फटफटी चढवतत नि जीपीन न्हेतत. टायर झिजणा नाय, इंजिन तापणा नाय."

हे मात्र खोटं नव्हतं. असल्या एका कॅरिअरचं बिल त्यानं खरंच लिहिलं होतं. मग त्यानं एक निःश्वास सोडला आणि म्हटलं, "पण तसला कॅरिअर हंय खंय गावतला?"

तो निःश्वास दुःखाचा वाटावा अशी त्यानं काळजी घेतली होती. खरं तर तो सुटकेचा होता. कॅरिअर नाही, तर फटफटी नाही. फटफटी नाही, तर चालवणं नाही. आणि जत्रा काय, दर वर्षी येते.

दत्ताराम मुंबईत इतकी वर्षं राहिला की आपली वाडी काय चीज आहे हे तो विसरला होता. या वाडीत एखादी वस्तू मिळत नाही असं म्हणणं म्हणजे लवू लोहाराच्या आणि बाळा सुताराच्या तोंडावर सांगणं. दोघांची घरं समोरासमोर, दोघांत शब्द नाही, आणि बैलगाडीचं एक चाक करायला दोघेही लागायचे. लाकूड बाळाचं, वरची लोखंडी धाव लवूची. एकमेकांकडे न बघता त्यांनी अर्ध्या तालुक्याची चाकं केली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम तोंड धुवायला बाहेर आला तर खळ्यात दोन कॅरिअर.

लवूनं जुन्या चाकांच्या धावा सरळ करून दोन लोखंडी हात केले होते. ते जीपच्या आकड्याला अडकायचे आणि त्यांच्यावर आडवी एक पन्हळ होती. त्या पन्हळीत फटफटीची दोन्ही चाकं बसवायची, म्हणजे ती जीपच्या पाठीमागं आडवी टांगून जाणार. बाळाचं काम वेगळं. त्यानं फणसाच्या लाकडाची एक बुटकी दोन चाकी गाडी केली होती. ती आकड्याला खुंटीनं अडकवायची आणि तिच्यावर फटफटी उभी करून ओढत न्यायची. चाकांना धाव नव्हती, कारण धाव मागायला लवूकडे जावं लागलं असतं.

"तुमी मुंबयत बघलास," लवू म्हणाला. "तुमीच सांगा, खराखुरा कॅरिअर खयचा?"

"त्येका इचारा," बाळा दत्तारामाकडेच बघत, पण लवूला ऐकू जाईल असं म्हणाला, "सायब लोकांची फटफटी म्हशीसारखी आडवी बांधतत काय?"

दत्तारामानं दोन्ही कॅरिअर वाजवून बघितली. वाकून खालून बघितली. अशा वेळी काय बघायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाला, "ब्यालन्स बघूक होयो. ट्रायल घेवया." त्याला वाटलं होतं, ट्रायल घ्यायला फटफटी लागते आणि फटफटी मालवणात आहे, तेव्हा हे काम आठवडाभर रेंगाळेल.

"फटफटीचा वजन कितका?" भाईनं विचारलं.

वजन बिलावर लिहिलेलं नसायचं. दत्ताराम हवेत बघून म्हणाला, "दहा-बारा चिरे धर." लगेच कुंपणाला आणलेले जांभ्या दगडाचे बारा चिरे लवूच्या पन्हळीत रचले गेले. सगळी वाडी जमली. भाईनं जीप सुरू केली आणि देवळाकडच्या चढाला घातली.

लवूचं लोखंड पक्कं होतं. इतकं पक्कं, की ते वाकलं नाही, मोडलं नाही, त्यानं फक्त जीपची शेपूट खाली दाबली. चढावर जीपनं तोंड वर केलं आणि पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वीतभर हवेत आली. भाई चक्र डावीकडे फिरवत होता, उजवीकडे फिरवत होता, आणि जीप तिच्या मनाला येईल तिकडे चालली होती.

"म्होरे वजन घाला," कुणीतरी सांगितलं. पाच-सहा जण धावत जाऊन बॉनेटवर बसले. चाकं जमिनीला टेकली हे खरं, पण आता भाईला समोर फक्त पाठी दिसत होत्या. बॉनेटवरचे त्याला वाट सांगायला लागले. सहा जण, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. जीप आनंदीबाईच्या खळ्यात शिरली, तिनं वाळत घातलेल्या भातावरून दोन फेऱ्या मारल्या आणि ती तुळशीच्या हातभर अलीकडे थांबली. आनंदीबाई केरसुणी घेऊन बाहेर आली. ती काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात लवूच्या लोखंडाची स्तुती नव्हती.

बाळाला आनंद झाला. तो म्हणाला, "चिरे मेलेले. मेलेल्याक तोल खंयचो? माझ्या गाडयेर जिवंत माणूस बसाक होयो, फटफटीवर बसता तसो." आणि फटफटीवर बसायची सवय असलेला माणूस वाडीत एकच, हे सगळ्यांनी मान्य केलं. भाई तेव्हा जीपच्या चाकातलं गवत काढण्यात फारच गुंतला होता.

दत्ताराम त्या लाकडी गाडीवर पाय फाकून बसला. पुढं एक दोरी होती ती त्यानं हँडलासारखी धरली, कारण लोक बघत होते. शेवंती ओटीच्या खांबाशी उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहून मान किंचित हलवली, फोटोत आहे तशी.

जीप निघाली. चढ लागला. आणि चढाच्या बरोबर मध्यावर बाळाची खुंटी, जी फणसाची होती आणि जिला लोखंडी कडी हवी होती, कट्‍ असं म्हणाली.

दत्तारामानं पाहिलं की जीप पुढं चालली आहे आणि लहान होत चालली आहे. थोडा वेळ त्याला कळेना, भाईनं वेग वाढवला की काय. मग कळलं की आपणच मागं चाललो आहोत. तोंड पुढं, दोरी हातात, पाठ ताठ, असा तो मागच्या मागं उतारानं निघाला, पारावरून, विहिरीवरून, तोंडावर हात धरलेल्या बायकांवरून. प्रत्येक वळण त्याला ते होऊन गेल्यावर दिसत होतं. जन्मात पहिल्यांदाच तो कुठलंसं वाहन एकट्यानं चालवत होता, आणि मनातल्या मनात त्यानं हेही नोंदवलं की मॅग्नेटोचा इथं काही उपयोग नाही. शेवटी आनंदीबाईच्याच शेणखताच्या खड्ड्यानं त्याला पोटाशी घेतलं.

त्याला बाहेर काढताना कुणी हसलं नाही. तेच त्याला जास्त लागलं. गंगाराम गुरव तर कौतुकानं म्हणाला, "उलट्या अंगान चालवणां सोपा न्हय हां. पण चालवल्यान बरो."

घरी शेवंतीनं पाणी तापवलं. न्हाणीत त्याच्या पाठीवर तांब्यानं पाणी ओतताना ती केसांतून एकेक काडी काढत होती. दत्ताराम उकिडवा बसून होता. बोलायचं असेल तर आता, असं त्याला वाटलं. तिचा हातही मध्येच थांबला, म्हणजे तिलाही काहीतरी बोलायचं असावं. मग ती म्हणाली, "सकाळी कौल लावतत."

"कसलो कौल?"

"कॅरिअरचो. लवू नि बाळा दोघय गंगारामाकडे गेले. अर्धी वाडी लोखंडाची झाली हा नि अर्धी लाकडाची."

दत्तारामाच्या पाठीवरचं पाणी एकदम गार झालं. माणसांपुढे मॅग्नेटो चालतो, पण हा रवळनाथ. त्याच्या मूर्तीला गंगाराम ओल्या फुलांचे कळे चिकटवणार, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला, आणि देवापुढे गाऱ्हाणं घालणार. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, ज्या अंगाचा कळा पडेल ते देवाचं उत्तर. कळा पडला की फटफटी आलीच. आणि ती खळ्यात आली की बायको पदर खोचून मागं बसायला उभीच.

सकाळी सभामंडप भरला. पुरुष पुढं, बायका खांबांच्या बाजूला. दत्तारामाला अगदी देवासमोर उभं केलं होतं, एका बाजूला लवू, एका बाजूला बाळा. गंगारामानं कळे लावले, हात जोडले आणि गाऱ्हाण्याचा सूर धरला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या तुझ्या दत्तारामान मुंबयसून फटफटी हाडल्यान, ती मालवणच्या बंदरार उभी आसा."

"व्हय म्हाराजा."

"ती घराक हाडूक लवून लोखंडाचा नि बाळान लाकडाचा कॅरिअर केल्यान हा. लवूचा बरा आसात तर उजवो कळो दी, बाळाचा आसात तर डावो दी, आणि लेकरांची वाट मोकळी कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे कळ्यांकडे बघू लागले. कळे हलेनात. गंगारामानं पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. उजवा कळा जागच्या जागी, डावाही जागच्या जागी. एका मुंगीनं डाव्या कळ्यावर चढून बघितलं आणि ती परत गेली.

गंगारामानं मागं वळून सगळ्यांवर नजर फिरवली. देवळात तो पारावरचा गंगाराम नव्हता. "देव बोलणा नाय," तो म्हणाला. "म्हणजे गाऱ्हाण्यात कायतरी सांगूचा ऱ्हवला. देवाक अर्धी गजाल सांगून निवाडो कसो मागतलास? ज्या ऱ्हवला आसा, ता कोणीतरी सांगा."

लवू नखातली काजळी बघत होता. बाळा देवळाची तुळई बघत होता, जणू ती कालच बसवली होती. भाई जीपची किल्ली या हातातून त्या हातात करत होता. आनंदीबाईसुद्धा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या घरच्या भिंतीवरही कुणाचा तरी फोटो होता.

दत्तारामानं घसा साफ केला. आता म्हणायचंच. चार शब्द. देवासमोर, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर. मुंबईत हजारो बिलं खरी लिहिली, एक वाक्य खरं बोलता येऊ नये? त्यानं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"म्हाराजा, मॅग्नेटोक खारी हवा..."

त्यावर व्हय म्हाराजा असं कुणी म्हटलं नाही. इतकी माणसं, पण एकानंही नाही. देवळातली ती शांतता कालच्या खड्ड्यापेक्षा खोल होती.

मग खांबाशी बांगड्या वाजल्या. शेवंती खांद्यावरून पदर ओढून पुढं आली. गाऱ्हाणं घालायचा मान गुरवाचा, बायकांनी त्यात तोंड घालायची रीत नाही. पण गंगाराम बाजूला सरला, जणू तो तिचीच वाट बघत होता.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज विळीशी बोलताना असायचा तसाच, पण जरा खाली. "आमच्या घरात एक फोटो आसा. त्यात फटफटी धरलेली चार बोटां आसत. फोटो इलो त्याच दिवशी मिया ती बघलंय. ह्येंची बोटां तशी काळी कधीच नव्हती. मिया चौकट करून घेतलंय, ती बोटां झाकतली म्हणान. झाकूक नाय. त्येच्यार मिया विहिरीवर काय काय सांगलंय, ता माझा पाप. ह्येंचा न्हय."

दत्ताराम खाली बघत होता. फरशीवर त्याला आपले पाय दिसले आणि बाजूला तिचे.

"तेवा हो लोखंडाचो नि लाकडाचो कौल नको," शेवंती म्हणाली. "भाईंका फटफटी येता, ता सगळ्या गावाक म्हायत आसा. भाईंनी मालवणाक जावचा नि चालवत हाडूची. आणि आचऱ्याक आमी दोघां जातलंव चलत. कित्याक..." इथं ती थांबली, आणि तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग देवाकडे. "कित्याक, ह्येंका फटफटी चालवूक येणा नाय."

कळा पडला की नाही, पडला तर कुठला, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. सगळ्या सभामंडपानं पोटातून एकच सूर काढला, "व्हय म्हाराजा," आणि त्या सगळ्या आवाजांत एक आवाज बाकीच्यांच्या जरासा आधी निघाला होता. दत्तारामानं तो ओळखला. तो त्याचाच होता.